कागद, सूर आणि तिकीट: पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत कुठे कुठे वळलं

प्रश्न असा आहे: हिंदुस्थानी संगीत बरीच वर्षं ऐकलेल्या माणसाला आता पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा इतिहास समजून घ्यायचा आहे. पुस्तकांत मध्ययुग, रेनेसाँ, बरोक, क्लासिकल, रोमँटिक असे कप्पे भेटतात, प्रत्येक कप्प्यात चार-पाच नावं. ती पाठ होतात, पण रेकॉर्ड लावल्यावर त्यांचा काही उपयोग होत नाही. मग खरे टप्पे कोणते मानायचे?

मी पियानो शिकवतो आणि पियानो सुरात लावायचं कामही करतो. त्यामुळे माझं उत्तर थोडं कारागिराचं आहे. माझ्या लेखी बाख किंवा मोझार्ट जन्मला हा टप्पा नव्हे. संगीत तयार होण्याची, पोचण्याची किंवा ऐकण्याची पद्धत जिथे बदलली तो टप्पा. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कागद. आपल्याकडे बंदिश वहीत उतरवली तरी राग गळ्यातच राहतो, आणि गाणारा तो दर मैफलीत नव्याने मांडतो. युरोपात रचणारा आणि वाजवणारा ही दोन वेगळी माणसं झाली. दोघांमध्ये शंभर वर्षांचं अंतर पडलं तरी चालू लागलं. बाकी बहुतेक गोष्टी त्यातून निघाल्या.

सुरुवात करायची तर इटलीतल्या आरेत्सो गावच्या ग्विदो या बेनेडिक्टाइन साधूपासून. त्याआधी दोनेक शतकं मठांमध्ये स्तोत्रांच्या शब्दांवर खुणा करत असत. सूर वर जातो की खाली येतो एवढं त्या खुणा सांगत, किती ते नाही. म्हणजे चाल आधीच येत असेल तरच त्यांचा उपयोग. ग्विदोने १०२६ च्या आसपासच्या वर्षांत आपल्या लिखाणातून रेघांची पद्धत मांडली. प्रत्येक रेघेला आणि दोन रेघांमधल्या जागेला ठरलेला सूर. कोणती रेघ कुठल्या सुराची हे चटकन दिसावं म्हणून त्याने रंगही वापरले. त्याचा दावा मोठा होता: दहा-दहा वर्षं घोकूनही गायकांचं ज्ञान कच्चं राहतं, या पद्धतीने एका वर्षात, फार तर दोन वर्षांत गायक तयार होतो. पोप एकोणिसावे जॉन यांनी त्याला रोमला बोलावून घेतलं आणि कधी न ऐकलेली एक ओळ कागदावर पाहून स्वतः गाऊन पाहिली, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

हे वाचून आपल्याला गंमत वाटते, पण यातली उलथापालथ लक्षात घ्या. गुरूच्या तोंडून न ऐकलेली चीज गाता येऊ लागली. आपल्या घराण्यांत चीज मिळवायला किती वर्षं सेवा करावी लागे, आणि कित्येक चिजा कशा लपवून ठेवल्या जात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इथे एका साधूने ती सगळी व्यवस्था निम्म्याहून मोडीत काढली. उत्, रे, मी, फा, सोल, ला ही अक्षरंही त्याचीच. संत जॉनच्या एका स्तोत्राच्या ओळी एकेका सुराने वर सुरू होतात, त्यांची ती आद्याक्षरं. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून हीच विद्या सोल्फेजो म्हणून मुलांना शिकवली गेली. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत गोव्याच्या वादकांना जे स्थान मिळालं त्याचं कारण तिथेच आहे. संगीतकार चाल गुणगुणून दाखवायचा आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर ती पन्नास वादकांसाठी कागदावर मांडायचे. समोरचे वादक ती पहिल्याच वाचनात वाजवायचे.

सूर कागदावर आले, पण वेळ आली नव्हती. ती पॅरिसमध्ये आली. नोत्र दाम कॅथेड्रलचं बांधकाम ११६३ च्या सुमारास सुरू झालं आणि त्याच्याभोवती एक संगीतकारांची पिढी तयार झाली. लेओनँ आणि पेरोतँ ही त्यातली दोन नावं. एकाच वेळी दोन, तीन, चार जण वेगवेगळ्या ओळी गायला लागले की प्रत्येक सूर किती वेळ धरायचा हे ठरवावंच लागतं, नाहीतर सगळे एकमेकांवर आदळतात. तबला नाही, सम दाखवणारं कोणी नाही. मग लयीच्या ठरावीक साच्यांमधून, आणि पुढे तेराव्या शतकात कोलोनच्या फ्रँकोने सांगितल्याप्रमाणे चिन्हाच्या आकारावरून, सुराची लांबी लिहिली जाऊ लागली. आज आपण कागदावर भरीव आणि पोकळ ठिपके बघतो त्यांचा वंश तिथपर्यंत जातो.

पेरोतँची ‘विदेरुंत ओम्नेस’ ही चार आवाजांची रचना जरूर ऐका. ११९८ च्या नाताळाशी तिचा संबंध जोडला जातो. जुन्या स्तोत्राचं एक-एक अक्षर खालच्या आवाजात मिनिट-मिनिट ताणलेलं असतं, आणि वर तीन आवाज तीनच्या ठेक्यात एकमेकांशी खेळत असतात. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला खालचा सूर षड्ज वाटतो. मग अचानक तो बदलतो, आणि वरच्या तिघांचा अर्थही बदलतो. आपल्या संगीतापासून ही वाट कुठे वेगळी झाली ते मला इथे सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं.

पुढची तीनशे वर्षं मी भरभर ओलांडतो, जाणकारांनी रागावू नये. चौदाव्या शतकात गियोम द माशोने अख्ख्या मासला (कॅथलिक चर्चच्या प्रार्थनाविधीला) एकट्याने संगीत दिलं. १५०१ मध्ये व्हेनिसला ओत्ताविआनो पेत्रुची याने बहुस्वरी (एकाच वेळी अनेक ओळी चालणाऱ्या) गाण्यांचा पहिला छापील संग्रह काढला. त्यासाठी एकच कागद छापखान्यातून अनेकदा काढावा लागे: रेघा वेगळ्या, सूर वेगळे, शब्द वेगळे. १५२८ च्या सुमारास पॅरिसच्या आत्तेन्याँने हे सगळं एकाच दाबात छापायला सुरुवात केली आणि संगीत बाजारात विकायची वस्तू झाली. पॅलेस्ट्रिनाने एक मास लिहून बहुस्वरी संगीताला चर्चच्या बंदीपासून वाचवलं ही गोष्ट तुम्ही वाचाल. ती दंतकथा आहे, पण तो मास सुंदर आहे.

१६०० च्या आसपास फ्लॉरेन्समधल्या काही विद्वानांना वाटलं की इतके आवाज एकात एक गुंतल्यावर शब्द कळत नाहीत. म्हणून एकच गाणारा, खाली एक खर्जाची ओळ, आणि त्या ओळीवर आकडे. आकडे पाहून हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) किंवा ल्यूट (बोटांनी छेडायचं तंतुवाद्य) वाजवणाऱ्याने मधली भर स्वतः घालायची. कागदाच्या इतिहासातली ही मोठी सैल जागा होती, आणि पुढे दीडशे वर्षं युरोपातले वादक रोज उपज करत होते हे आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही. याच पद्धतीतून ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, आला. माँतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ १६०७ मध्ये मांतोव्हाच्या दरबारी झाला. माझ्या हिशेबात मात्र तीस वर्षांनंतरची घटना जास्त मोठी आहे. १६३७ मध्ये व्हेनिसच्या सान कास्सिआनो नाट्यगृहात तिकीट काढून कोणालाही ऑपेरा बघता येऊ लागला. तिकीट काढणाऱ्याला गाणारा हवा असतो, नट हवा असतो, त्याची तान हवी असते. रचनाकार मागे पडला आणि गायक-गायिकांचे भाव वाढले. संगीत नाटकांना ‘वन्समोअर’ घेणाऱ्या पब्लिकच्या नातवंडांना हे समजावून सांगायला नको.

आता माझ्या पोटापाण्याचा विषय, सूर लावणं. इथे थोडा वेळ घेतो.

षड्जावरून पंचम घ्या, त्या पंचमाला षड्ज मानून पुन्हा पंचम घ्या. असं बारा वेळा केलं की फिरून मूळ षड्जावर, सात सप्तकं वर, यायला हवं. येत नाही. सगळे पंचम शुद्ध लावले तर शेवटचा सूर अर्ध्या स्वराच्या साधारण चौथा हिस्सा चढा लागतो. हा निसर्गाचा हिशेब आहे, यात कारागिराचा दोष नाही. गाणाऱ्याला आणि व्हायोलिनवाल्याला त्याने फरक पडत नाही, कारण ते सूर जागच्या जागी सरकवतात. पण ज्या वाद्याला पट्ट्या आहेत तिथे तो फरक कुठेतरी जिरवावाच लागतो. सोळाव्या-सतराव्या शतकात गांधार शुद्ध ठेवायचे आणि पंचम किंचित उतरे लावायचे अशी रीत होती. त्यात काही पट्ट्यांमध्ये, म्हणजे काही ठरावीक सुरांना षड्ज मानलं तर, वाद्य फार गोड बोलायचं, आणि एका पंचमात सगळी घाण साठायची. तो पंचम इतका भेसूर की त्याला ‘लांडगा’ म्हणत. त्यामुळे काही पट्ट्यांकडे कोणी फिरकतच नसे.

बाखने १७२२ मध्ये बाराही सुरांवर, मेजर आणि मायनर (शुद्ध आणि कोमल गांधाराच्या) दोन्हींत, अशा चोवीस प्रील्यूड-फ्यूगच्या (एक मोकळी रचना आणि एक ओळींचा पाठलाग करणारी रचना) जोड्यांचा संग्रह केला. वाद्य नीट लावलं तर कुठलीही पट्टी वर्ज्य नाही, हे त्याने वाजवून सिद्ध केलं. त्याने आजची समान विभागणी वापरली असं सर्रास सांगितलं जातं, पण त्याला पुरावा नाही. त्या काळात प्रत्येक पट्टीचा रंग थोडा वेगळा ठेवणाऱ्या अनेक पद्धती चालू होत्या. सगळे अर्धे स्वर तंतोतंत सारखे करण्याची पद्धत पियानोंवर सर्वत्र रुळली ती एकोणिसाव्या शतकात. त्या फरकाचं ओझं, भावकीत कर्ज वाटून घ्यावं तसं, बारा पंचमांनी सारखं वाटून घेतलं. कोणालाच ते फारसं जाणवत नाही, पण कोणी पूर्ण मोकळाही नाही.

याची किंमत तुम्ही स्वतः ऐकू शकता. तंबोऱ्याचा खर्ज चांगला जुळला की त्यातून स्वयंभू गांधार उमटतो. तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे पियानोच्या अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पियानोचा गांधार ४०० वर. १४ सेंट म्हणजे तयार कानाला स्पष्ट कळणारा फरक. पेटीवर आपल्याकडे झालेला सगळा वाद, आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर ठेवलेली बंदी, यामागे जी कारणं सांगितली गेली त्यांतलं एक मोठं कारण हेच चौदा सेंट. मग युरोपने हे का पत्करलं? कारण बदल्यात त्यांना षड्ज हलवण्याची मोकळीक मिळाली. रचनेच्या मध्यात षड्ज दुसरीकडे न्यायचा, ऐकणाऱ्याला परक्या मुलखात फिरवायचं आणि परत घरी आणायचं. हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन यांच्या सोनाटांचं (एक-दोन वाद्यांच्या रचनांचं) आणि सिंफनींचं (मोठ्या वाद्यवृंदाच्या रचनांचं) नाट्य बहुतांशी यावर उभं आहे. आपला कान षड्ज स्थिर धरून बसलेला असतो, म्हणून सिंफनी सुरुवातीला ‘भटकल्यासारखी’ वाटते. ती खरंच भटकते. घर कुठे आहे ते पहिल्या मिनिटात कानात पक्कं केलंत तर पुढचं आपोआप उलगडायला लागतं.

याच काळात फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास तार छेडण्याऐवजी हातोडीने ठोकणारं वाद्य बनवलं. बोटाच्या जोरावर आवाज लहान-मोठा होऊ लागला. त्याने केलेली तीन वाद्यं आज शिल्लक आहेत. सगळ्यांत जुनं १७२० चं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. मोझार्टचा पियानो लाकडी चौकटीचा, पाच सप्तकांचा, नाजूक बोलणारा होता. आजच्या ग्रँड पियानोमध्ये ओतीव लोखंडी चौकट असते, कारण तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास जातो. विद्यार्थी मोझार्ट वाजवताना आवाजाचा ढीग करतात तेव्हा मी त्यांना जुन्या बनावटीच्या वाद्यावरची रेकॉर्डिंग ऐकवतो. लांबलचक भाषणापेक्षा ते लवकर कळतं.

वाद्यं बदलत होती, तशी पोट भरण्याची पद्धतही. हायडन १७६१ पासून एस्टरहाझी सरदारांच्या चाकरीत होता, गणवेश घालून. धनी वारल्यावर तो १७९१ मध्ये लंडनला गेला. तिथल्या तिकिटाच्या मैफलींसाठी त्याने दोन फेऱ्यांत बारा सिंफनी लिहिल्या आणि दरबारात कधी मिळाला नव्हता इतका पैसा मिळवला. त्या काळचा श्रोता आजच्यासारखा गप्प बसणारा नव्हता. मोझार्टने ३ जुलै १७७८ रोजी पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं आहे. आपल्या सिंफनीतली एक जागा लोकांना आवडणार हे त्याला माहीत होतं, आणि ती येताच लोकांनी वादन चालू असतानाच टाळ्या वाजवल्या. खूश होऊन तो पाले रॉयालला गेला आणि आइस्क्रीम खाल्लं. (पत्र लिहिलं त्याच रात्री त्याची आई वारली होती, आणि ती गोष्ट त्याने या पत्रात वडिलांपासून लपवली. ते पत्र म्हणूनच वाचवत नाही.) सांगायचं एवढंच की दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवली म्हणून कोणी डोळे वटारले तर मनाला लावून घेऊ नका. तो नियम मोझार्टचा नाही.

बेथोव्हेनची तिसरी सिंफनी ‘एरोइका’ ७ एप्रिल १८०५ ला व्हिएन्नात जाहीरपणे सादर झाली. आधी तिच्यावर नेपोलियनचं नाव होतं, ते त्याने कागद फाटेपर्यंत खोडलं. ती कथा सगळे सांगतात, मी सातव्या बारबद्दल सांगतो (बार म्हणजे लयीचं एक छोटं आवर्तन). दोन जोरदार ठोक्यांनंतर चेलो एक साधी चाल सुरू करतात, आणि चालीच्या पाचव्याच बारमध्ये, म्हणजे रचनेच्या सातव्या बारला, ती घसरून पट्टीबाहेरच्या एका सुरावर येऊन थांबते. तो सूर तिथे असायला नको. पुढची पंधरा मिनिटं, जवळजवळ सातशे बार, त्या एका खटक्याचे परिणाम निस्तरण्यात जातात. सिंफनी हा करमणुकीचा प्रकार राहिला नाही, ती एक लांबलचक युक्तिवाद झाली.

एकोणिसाव्या शतकातला सगळ्यांत मोठा टप्पा विचाराल तर मी कुठल्याच नव्या रचनेचं नाव घेणार नाही. ११ मार्च १८२९ ला बर्लिनमध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सननं बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (येशूच्या अखेरच्या दिवसांची संगीतकथा) पुन्हा सादर केलं, काटछाट करून. बाख जाऊन जवळजवळ एकोणऐंशी वर्षं झाली होती. तोवर मैफलीत मुख्यतः हयात किंवा नुकत्याच गेलेल्या माणसांचं संगीत वाजायचं, जुनं मागे पडायचं. त्यानंतर हळूहळू उलट झालं. मैफल मेलेल्यांची झाली आणि जिवंत रचनाकाराला त्यांच्याशी झुंजावं लागलं. ब्राम्सने पहिली सिंफनी पूर्ण करायला चाळिशी ओलांडली, ती बेथोव्हेनच्या धाकाने. ग्विदोच्या रेघा नसत्या तर यातलं काही घडलंच नसतं.

वाग्नरच्या ‘त्रिस्तान’ (म्युनिक, १८६५) मध्ये सुरुवातीलाच एक अस्वस्थ कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ) येतो, आणि तो निवायला ऑपेराचा शेवट, म्हणजे साधारण चार तास, लागतात. षड्ज घरी आणण्याची घाई नको हे त्याने टोकाला नेलं. देब्युसीने १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचं गामेलान ऐकलं आणि घरी परतण्याची गरजच सैल केली. शोनबर्गने घरच काढून टाकलं.

१९१३ बद्दल एक दुरुस्ती. २९ मे ला पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’वर गदारोळ झाला हे खरं, पण तो नृत्यनाट्याचा प्रयोग होता आणि निजिन्स्कीच्या नृत्यरचनेने लोक तितकेच बिथरले होते. पुढच्या वसंतात तेच संगीत नृत्याशिवाय वाजलं तेव्हा लोकांनी रचनाकाराला खांद्यावर घेतलं. त्याआधी ३१ मार्चला व्हिएन्नात शोनबर्गने चालवलेल्या मैफलीत मारामारी झाली आणि मैफल अर्ध्यावर थांबवावी लागली. तिथे नृत्य नव्हतं, भांडण फक्त सुरांवर होतं. मला ती घटना जास्त महत्त्वाची वाटते, पण पॅरिसची गोष्ट जास्त छान रंगवून सांगता येते.

रेकॉर्डिंग आल्यावर कागदाची मक्तेदारी संपली. आता वादनही जपता येतं, आणि विद्यार्थी नोटेशन उघडण्याआधी पाच कलाकारांचं ऐकून येतात. यात लाभही आहे. तोटा असा की सगळे सारखं वाजवायला लागलेत.

ऐकायला बसणार असाल तर क्रमाने जाऊ नका, मध्ययुगातच दमाल. बाखच्या १७२२ च्या संग्रहातला पहिला, सी मेजरचा प्रील्यूड घ्या, दोन-अडीच मिनिटांचा आहे. मग एरोइकाचा पहिला भाग, कागदासह. जुन्या रचनांची नोटेशन आता हक्कमुक्त असल्याने इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि वाचता येत नसलं तरी बोट फिरवत गेलात की दहा मिनिटांत डोळा सरावतो. मग मागे पेरोतँकडे जा, तिथून पुढे देब्युसीकडे. मुंबईत असाल तर एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामात एखादं तिकीट काढा. बाल्कनीतलं घ्या, पुढच्या रांगेतलं नको: वरून सगळी वाद्यं दिसतात आणि चाल एका गटाकडून दुसऱ्याकडे कशी जाते ते डोळ्यांनी टिपता येतं.